यकृताचा सिरोसिस आणि यकृतरोपण : विचारण्याची वेळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेसाठी कार्यवाह माझ्याकडे आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, असे मी त्यांना विचारले. ते हसून म्हणाले, "सरस्वती महाल आणि भोसले घराणे यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही डॉक्टर आहात, आरोग्यावर बोला." त्यांच्या मनात आहार, व्यायाम, मधुमेह असे काही असावे. मी मात्र यकृताचा सिरोसिस आणि त्यावरील यकृतरोपण हा विषय सुचवला. क्षणभर ते गप्प राहिले. मंगल प्रसंगी हा विषय अप्रशस्त वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या पंधरा-वीस वर्षांत या राजवाड्याभोवतीच्या वीथींतून, मेलवीथीपासून कीळवीथीपर्यंतच्या आपल्या घरांतून, या रोगाविषयी माझ्याकडे ज्या विचारणा आल्या, त्यांतील बहुतेक उशिरा आल्या. त्या उशिराविषयीच मला आज बोलायचे आहे, आणि त्या उशिरात माझाही एक वाटा आहे, तोही सांगायचा आहे.

आपण दक्षिणी मराठी माणसे दोन भाषांत वाढलो, त्याचा एक लाभ येथे होतो. तमिळमध्ये यकृताला 'कल्लीरल' म्हणतात. कल् म्हणजे दगड. प्लीहेला 'मण्णीरल', म्हणजे मातीचे, आणि फुप्फुसाला 'नुरैयीरल', म्हणजे फेसाचे. ज्याने ही नावे ठेवली त्याने ही तिन्ही इंद्रिये हाताने चाचपून पाहिली असली पाहिजेत. मराठीत पाहिले तर 'काळीज' या शब्दाचा मूळ अर्थ यकृत असाच आहे. पुढे त्याचे स्थान हृदयाने बळकावले. म्हणजे आपण भीती, धैर्य, माया यांविषयी बोलताना ज्याचे नाव घेतो, ते उजव्या बरगड्यांखालचे, सव्वा ते दीड किलो वजनाचे हे तांबूस इंद्रिय आहे. निरोगी असताना ते दगडासारखे मुळीच नसते. मऊ आणि लवचिक असते. दगड होते ते सिरोसिसमध्ये.

'सिरोसिस' हा शब्द फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ साली रूढ केला. स्टेथॉस्कोप ज्यांनी शोधला तेच हे लेनेक. रोगट यकृताचा पिवळसर तपकिरी रंग पाहून त्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी हे नाव बनवले. त्या वर्षी या राजवाड्यात दुसरे सरफोजी महाराज होते. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही पद्धतींचे वैद्य काम करीत, नेत्ररुग्णांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवल्या जात, आणि गुण आलेल्या औषधांचे पाठ लिहून ठेवले जात. ते पाठ पुढे 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. मी हा उल्लेख अभिमानाखातर करीत नाही. औषध दिले, मग रोग्याचे काय झाले, हे लिहून ठेवावे, ही शिस्त या आवारात दोनशे वर्षांपूर्वी होती. आज आमच्याकडे मुतखड्यापासून यकृतापर्यंत सर्वांवर चालणारी अनाम लेह्ये आणि कषाये घेऊन लोक येतात, तेव्हा मला त्या नोंदींची आठवण होते. करोनाच्या काळात 'काढा चांगला' म्हणून घरोघर गुळवेल घेतली गेली. त्यानंतर तिच्यामुळे यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची हकीकत मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी, हे सरफोजी महाराजांच्या वैद्यांनीही मान्य केले नसते.

आता रोगाविषयी. यकृताला कोणत्याही कारणाने वर्षानुवर्षे इजा होत राहिली की तेथे व्रण भरल्यासारखे तंतू साठतात, मधूनमधून पेशींच्या गाठी उगवतात, आणि आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताला वाट मिळेनाशी होते. ते रक्त मग अन्ननलिकेच्या शिरांतून वाट काढते, त्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. पोटात पाणी साठते, त्याला आपण जलोदर म्हणतो. रक्तातील विषारी द्रव्ये गाळली न गेल्याने रोगी रात्री जागा, दिवसा झोपाळू, कधी असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटते, म्हातारपणाचा विसर आहे.

कारणांबद्दल एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. १९७९ साली, मी येथील वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना, माझे सख्खे काका जलोदराने गेले. ते स्नानसंध्या चुकवीत नसत. मद्याचा थेंब त्यांच्या ओठाला कधी लागला नव्हता. तरीही वीथीत कुजबूज झाली, आणि माझ्या काकूंनी पुढे कित्येक वर्षे नवऱ्याच्या आजाराचे नाव कोणाला सांगितले नाही. आज मला वाटते की तो हिपॅटायटिस बी असावा. त्या वेळी आमच्याकडे तपासण्याची सोय नव्हती. मद्य हे सिरोसिसचे मोठे कारण आहे यात शंका नाही. पण हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू आहेत, काही जन्मजात विकार आहेत, आणि आता मधुमेह व स्थूलता यांच्यासोबत येणारी यकृतातील चरबी आहे. ही शेवटची व्याधी आपल्या शाकाहारी, निर्व्यसनी, भातावर आणि बैठकीवर पोसलेल्या समाजाला अगदी सोईची आहे. ज्या घरात रोगाचे नाव घ्यायची लाज वाटते, तेथे उपचार उशिरा सुरू होतो.

कारण वेळीच सापडले तर पुष्कळदा रोपणाची वेळच येत नाही, हेही लक्षात असू द्या. हिपॅटायटिस सी आता बहुतेक रुग्णांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी समूळ बरा होतो. बी समूळ जात नाही, पण रोजच्या एका गोळीने आटोक्यात राहतो. त्याची लस २०११ पासून देशभरच्या बालकांच्या लसीकरणात आहे. मद्य पूर्ण सोडल्यावर पोटातले पाणी ओसरून माणूस पुन्हा कामाला लागलेला मी पाहिला आहे. आणि आपल्या कुंभकोणम कॉफीविषयी एक शुभवार्ता : कॉफी नियमित पिणाऱ्यांत सिरोसिसचे प्रमाण कमी आढळते, असे निरनिराळ्या देशांतील अनेक अभ्यासांत दिसले आहे. (टाळ्या वाजवू नका. त्यात तीन चमचे साखर घालण्याविषयी कोणत्याही अभ्यासात चांगले लिहिलेले नाही.)

तरीही एक मर्यादा अशी येते की त्यापलीकडे गोळ्या पुरत नाहीत. सिरोसिस झालेला माणूस, जोवर गुंतागुंत नाही तोवर, दहा-बारा वर्षे किंवा त्याहूनही अधिक बरा राहू शकतो. परंतु पोटात पाणी, रक्ताची उलटी, भ्रम किंवा काविळीची वाढ, यांपैकी एकही गोष्ट एकदा घडली की हिशेब बदलतो. अशा रुग्णांपैकी निम्मे, रोपणाविना, साधारण दोन वर्षांत दगावतात. म्हणून जगभरचे तज्ज्ञ सांगतात की पहिली गुंतागुंत झाली की रोपणकेंद्राचे मत घ्यावे. मत घेणे म्हणजे शस्त्रक्रिया ठरवणे नव्हे.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरीही माझ्या हातून जे घडले ते आता सांगतो. आपल्याच समाजातील एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत. लहानपणी मला त्यांनी गणित शिकवले होते, म्हणून मी त्यांना गुरुजीच म्हणे. चरबीमुळे झालेला सिरोसिस. पोटात पाणी साठे. मी सुई घालून पाणी काढी, ते दीर्घ श्वास घेऊन म्हणत, "अरे, तुझ्या हाताला गुण आहे रे. चेन्नईला कशाला जायचे?" मला ते ऐकायला बरे वाटे, हे मी मान्य करतो. वर्षभरात मी आठ वेळा पाणी काढले. त्यांच्या रक्ततपासणीचे आकडे फारसे वाईट नव्हते, त्यामुळे मीही निश्चिंत होतो. नवव्या वेळी ते आले तेव्हा पाण्यात जंतुसंसर्ग झाला होता आणि मूत्रपिंडे काम थांबवीत होती. तेव्हा मी त्यांना चेन्नईला पाठवले. तेथील डॉक्टरांनी सौजन्याने सांगितले की या अवस्थेत शस्त्रक्रिया पेलणार नाही. गुरुजींची मुलगी बंगळूरहून आली होती. तिचा रक्तगट जुळत होता, वय बत्तीस, प्रकृती उत्तम. ती मला म्हणाली, "डॉक्टरकाका, हे तुम्ही मला मागच्या दिवाळीत का सांगितले नाही?" मला उत्तर देता आले नाही.

माझी चूक कोठे झाली ते सांगणे उपयोगाचे आहे. रोपणाची निकड मोजण्यासाठी 'मेल्ड' नावाचा एक गुणांक वापरतात. रक्तातील बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याची आय.एन.आर. ही चाचणी यांवरून तो निघतो, सहापासून चाळीसपर्यंत. अलीकडच्या सुधारित गणितात सोडियम व अल्ब्युमिनही धरतात. गुणांक पंधराच्या पुढे गेला की रोपणाचा लाभ धोक्याहून अधिक ठरतो, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण पोटातले पाणी, भ्रम, अंगावरचे मांस झडणे, यांना या गणितात जागा नाही. गुरुजींचा आकडा लहान होता. पोट मात्र दर सहा आठवड्यांनी भरत होते. आकडा पाहून मी स्वस्थ बसलो आणि माणूस पाहिला नाही. गणिताच्या गुरुजींच्या बाबतीत ही चूक व्हावी, याचे मला आजही वाईट वाटते.

रोपण ही तशी नवी विद्या आहे. अमेरिकेतील डेन्व्हर येथे टॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली पहिला प्रयत्न केला. तो बालरुग्ण शस्त्रक्रियेच्या वेळीच दगावला. १९६७ मध्ये त्यांना प्रथम यश आले. माझे काका गेले त्या काळात, जगातील उत्तम केंद्रांतसुद्धा रोपणानंतर वर्षभर जगणारे फार तर एक-तृतीयांश असत. शरीर परके यकृत नाकारते, ही मुख्य अडचण होती. ती सोडवणारी दोन्ही औषधे मातीतून निघाली : सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतील बुरशीतून, आणि टॅक्रोलिमस जपानमधील त्सुकुबाच्या मातीतील जंतूपासून, १९८४ साली. आज रोपण झालेल्या शंभरांपैकी पंचाऐंशी ते नव्वद जण वर्ष ओलांडतात आणि सत्तरांहून अधिक पाच वर्षे. औषधे मात्र जन्मभर घ्यावी लागतात, आणि त्यांच्यामुळे जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडांचे विकार यांचा धोका राहतो. माणूस घरी येतो, नोकरी करतो, लग्नकार्यात जेवतो. परंतु डॉक्टरशी नाते तुटत नाही.

भारतातील यशस्वी रोपणाचा आरंभ आपल्या प्रांताशी जोडलेला आहे. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात कांचीपुरमच्या एका दीड-पावणेदोन वर्षांच्या बालकावर रोपण झाले. त्याच्या पित्तनलिका जन्मतः बंद होत्या, आणि त्या विकारात यकृत वर्ष-दोन वर्षांतच सिरोसिसला पोचते. वडिलांनी आपल्या यकृताचा तुकडा दिला. ते मूल वाचले, मोठे झाले आणि स्वतः डॉक्टर झाले. तेव्हा कांचीहून दिल्लीला जावे लागले होते. आज दिल्लीकडचे लोक चेन्नईला येतात.

यकृत मिळण्याचे मार्ग दोन. पहिला म्हणजे जिवंत दाता. यकृत पुन्हा वाढते, हा निसर्गाचा चमत्कार आहे. प्रौढासाठी दात्याच्या यकृताचा सुमारे साठ टक्के भाग घेतला जातो आणि उरलेला भाग दोन-तीन महिन्यांत बहुतांशी पूर्वीच्या आकाराचा होतो. 'काळजाचा तुकडा' हा शब्द आपण लेकरांसाठी वापरतो. येथे तो अक्षरशः द्यावा लागतो. १९९४ च्या कायद्याने आणि २०११ च्या दुरुस्तीने पती-पत्नी, मुले, आईवडील, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे निकटचे नातलग मानले आहेत. इतर कोणी द्यायचे म्हटले तर अधिकृत समितीची परवानगी लागते. यकृत विकत घेणे-देणे हा गुन्हा आहे, त्याला पाच ते दहा वर्षांची कैद आहे.

दात्यालाही धोका असतो, हे लपवू नये. हजार दात्यांत एक ते पाच जण दगावू शकतात, आणि धडधाकट माणसाच्या पोटावर मोठी शस्त्रक्रिया होते. आपल्या देशात देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हेही मला खटकते. घरात बैठक बसते, सगळे सुनेकडे किंवा बहिणीकडे पाहू लागतात, आणि ती 'हो' म्हणते. ते 'हो' तिचेच आहे की नाही, हे डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून विचारले पाहिजे. नाही म्हणण्याची मोकळीक नसेल तर ते दान नव्हे.

दुसरा मार्ग मेंदूमृत दात्याचा. येथे मला महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांची आठवण होते. ऑगस्ट २०१२ मध्ये त्यांना मुंबईहून विमानाने चेन्नईला आणले गेले. यकृत आणि मूत्रपिंडे निकामी झाली होती, रोपणाची तयारी चालू होती. ज्या मेंदूमृत दात्याची आशा होती त्याचेच हृदय आधी थांबले, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. १४ ऑगस्टला विलासराव गेले, वय सदुसष्ट. केंद्रात मंत्रिपद होते, उत्तम डॉक्टर होते, विमान होते. एका अनोळखी कुटुंबाची वेळेवर मिळालेली संमती आणि तोवर धडधडत राहणारे एक हृदय, या दोन गोष्टी कोणत्याही पदाच्या हाती नसतात.

चेन्नई का, याचेही कारण आहे. सप्टेंबर २००८ मध्ये तिरुक्कळुकुन्रमच्या एका डॉक्टर दांपत्याचा पंधरा वर्षांचा मुलगा अपघातानंतर मेंदूमृत झाला. आईवडिलांनी त्याचे अवयव दिले, पोलिसांनी रस्ते मोकळे करून हृदय पोचवले, आणि ती बातमी घरोघर वाचली गेली. त्याच वर्षी राज्याने मरणोत्तर दानाची व्यवस्था रीतसर बांधली. पुढे त्यासाठी 'ट्रान्स्टॅन' ही संस्था झाली. सप्टेंबर २०२३ पासून येथे अवयवदात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात. तरीही पुरवठा तोकडाच आहे. २०२३ साली भारतात सुमारे साडेचार हजार यकृतरोपणे झाली, आणि त्यांतील बहुसंख्य जिवंत दात्यांची होती. सबंध देशात त्या वर्षी मरणोत्तर दाते मिळाले ते जेमतेम अकराशे.

मेंदूमृत्यूविषयी शंका पुष्कळ विचारल्या जातात. चार डॉक्टरांचे मंडळ निदान नोंदवते. किमान सहा तासांच्या अंतराने चाचण्या दोनदा होतात. रोपण करणारे डॉक्टर त्या मंडळात नसतात. बेशुद्धी वेगळी आणि मेंदूमृत्यू वेगळा. दुसऱ्यातून कोणी परतत नाही. देह विद्रूप होत नाही, शिवून सन्मानाने परत मिळतो आणि सर्व संस्कार करता येतात. आमच्या भटजींना मी मुद्दाम विचारले. ते म्हणाले, "दधीची ऋषींनी हाडे दिली, त्यांना कोणी अंत्येष्टीचा प्रश्न विचारला होता?"

पैशाविषयी दोन वाक्ये. खासगी रुग्णालयात हा खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात, कधी त्याहून अधिक जातो. परंतु मुख्यमंत्री विमा योजनेत यकृतरोपणाचा समावेश आहे आणि चेन्नईच्या शासकीय स्टॅन्ली रुग्णालयात ते होते. शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवा, ऐन वेळी तहसील कचेरीत खेटे घालणे शक्य नसते.

सर्वांनाच रोपण लाभते असे नाही. हृदय किंवा फुप्फुसे फार दुबळी असतील, जंतुसंसर्ग आटोक्यात नसेल, कर्करोग यकृताबाहेर गेला असेल, तर ते करता येत नाही. मद्यामुळे सिरोसिस झालेल्यांना पुष्कळ केंद्रे सहा महिन्यांचे पूर्ण वर्जन सांगतात. तो नियम आता पूर्वीइतका ताठर राहिलेला नाही, पण मद्य सुटलेच पाहिजे ही अट कोठेच शिथिल नाही. यकृतातच लहान गाठ सापडली, म्हणजे पाच सेंटिमीटरपर्यंतची एक किंवा तीन सेंटिमीटरपर्यंतच्या तीन, तर रोपणाने सिरोसिस आणि गाठ दोन्ही जातात. म्हणून सिरोसिस असलेल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ लहान असताना दुखत नाही.

गुरुजींची मुलगी अजून दरवर्षी दिवाळीत माझ्याकडे फराळ घेऊन येते. त्या विषयावर आम्ही पुन्हा बोललो नाही. मात्र त्यानंतर माझ्याकडे पोटात पाणी झालेला जो कोणी आला, त्याला पहिल्याच भेटीत मी चेन्नईच्या केंद्राची चिठ्ठी दिली. काही रागावले, काहींनी डॉक्टर बदलला. तिघांचे रोपण झाले. त्यांतील एक आज येथे तिसऱ्या ओळीत बसले आहेत. त्यांची परवानगी आहे, पण मी नाव घेत नाही. दोघांना तेथील डॉक्टरांनी 'अजून गरज नाही' म्हणून परत पाठवले, आणि ते औषधांवर उत्तम आहेत.

अवयवदानाचे अर्ज दाराजवळच्या मेजावर ठेवले आहेत. ते आजच भरले नाहीत तरी चालेल. पण घरी जाऊन बायकोमुलांना सांगा, कारण त्या वेळी रुग्णालय तुमचा अर्ज नव्हे, त्यांची संमती मागणार आहे. आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा.